दिवे घाट आणि चार गोळ्या: एका पखवाजवाल्याचा अभिप्राय

मे २०१९ पासून मी बीपीच्या गोळ्या घेतोय. आतापर्यंत चार जातींच्या घेऊन झाल्या: अ‍ॅम्लोडिपिन, टेल्मिसार्टन, मेटोप्रोलॉल आणि क्लोरथॅलिडोन. त्यातल्या तीन आजही चालू आहेत. मोबाइल घेतला, मिक्सर घेतला की लोक पानभर अभिप्राय लिहितात. रोज सकाळी पोटात जाणाऱ्या या वस्तूबद्दल मात्र कुणी दोन ओळी लिहीत नाही. विचारलं तर "बीपीची गोळी चालू आहे" म्हणतात. कुठली, म्हटलं तर "ती छोटी पांढरी". ज्या वस्तूवर उरलेलं आयुष्य काढायचं तिचं नावसुद्धा माहीत नसावं, याचं मला फार वाईट वाटतं. म्हणून वापरणाऱ्याच्या बाजूनं जे कळलं ते लिहितोय.

मी कोरेगाव तालुक्यात पोस्टमन होतो. नोकरीची सगळी वर्षं सायकलवर गेली. आता दरवर्षी माउलींच्या पालखीबरोबर आळंदी ते पंढरपूर चालतो आणि आमच्या दिंडीत पखवाज वाजवतो. ठोके मोजायची सवय हाताला लहानपणापासून आहे. त्यामुळे गोळी सुरू झाल्यावर पहिल्या दिवसापासून मी दोन आकडे वेगवेगळे लिहीत आलोय, प्रेशरचा आणि नाडीचा. शंभर पानी वही आहे, तिसरी चालू आहे. पुढचे आकडे त्या वह्यांतले आहेत.

पहिली नोंद १७२/१०४, नाडी ८६. वारीला जाण्याआधी तपासून घ्या म्हणून सुनेनं धरून नेलं होतं. मला काहीच होत नव्हतं. डोकं दुखत नव्हतं, चक्कर नव्हती. डॉक्टरीणबाईंनी पाच मिनिटं शांत बसवून पुन्हा मोजलं, चार दिवसांनी परत बोलावलं, तरी आकडा तिथंच. मग त्यांनी चिठ्ठीच्या पाठीवर एक चित्र काढलं. म्हणाल्या, "काका, प्रेशर दोन गोष्टींनी ठरतं. हृदय मिनिटाला किती रक्त ढकलतं आणि पुढच्या बारीक धमन्या किती आवळलेल्या आहेत. प्रत्येक गोळी यातल्या कुठल्या तरी ठिकाणी हात घालते." ती चिठ्ठी अजून वहीत आहे. पुढे जे जे झालं त्याचा अर्थ मला त्या चित्रामुळेच लागत गेला.

अ‍ॅम्लोडिपिन

ही माझी पहिली गोळी, ५ मिलिग्रॅमची. बारीक धमन्यांच्या भिंतीत गोलाकार स्नायू असतो. त्याच्या पेशींत कॅल्शियम शिरलं की तो आवळतो. ही गोळी कॅल्शियमच्या वाटा अडवते, म्हणून स्नायू सैल पडतो आणि नळी रुंदावते. नळी फार रुंदावायची गरजही नसते. त्रिज्या एक दशांशाने वाढली तरी अडथळा जवळजवळ एक तृतीयांशाने उतरतो. हे गणित कळलं तेव्हा एवढीशी गोळी काय करणार ही शंका गेली.

पहिल्या दिवशी काहीच फरक नाही. तिसऱ्या दिवशी १६२. मी वैतागलो होतो. नवव्या दिवशी १४६/९०. हिचा स्वभावच संथ आहे. शरीरातून निम्मी गोळी जायलाच ३० ते ५० तास लागतात, त्यामुळे रोजच्या रोज थोडी साठत जाते आणि पुरा परिणाम दिसायला आठवडा जातो. त्याचा फायदा असा की एखाद्या दिवशी दोन-चार तास उशीर झाला तर प्रेशर उसळत नाही. वारीत चालण्याच्या, मुक्कामाच्या वेळा हातात नसतात. तिथं हा गुण सोन्यासारखा आहे.

आणि नाडी? गोळीच्या आधी ८६, नवव्या दिवशी ८४. जागची हलली नाही. पखवाजाच्या वाद्या सैल केल्या तर स्वर उतरतो, पण वाजवणाऱ्याची लय तीच राहते. तसंच हे. याच घराण्यातल्या जुन्या निफेडिपिनच्या झटपट विरघळणाऱ्या कॅप्सूलनं धमन्या एकदम उघडायच्या, प्रेशर धाडकन पडायचं आणि घाबरून हृदय धावत सुटायचं. अ‍ॅम्लोडिपिन हळू चढते म्हणून हृदयाला दचकायची वेळ येत नाही. घराणं तेच, पण डिल्टियाझेम आणि व्हेरापामिल ही भावंडं हृदयाची गती कमी करतात. म्हणून एकाची गोळी दुसऱ्यानं घेऊ नये. "दोन्ही कॅल्शियमवालीच" हा हिशेब चुकीचा आहे.

दोष सांगतो. डिसेंबरात प्रेशर पुन्हा चढलं, तेव्हा डोस १० केला. तीन आठवड्यांत घोट्याला सूज. संध्याकाळी मोजे काढले की कातडीत खोल वळ दिसायचा, बोटानं दाबलं की खड्डा. किडनी गेली असंच वाटलं. शेजारच्यांनी त्यांची लघवीची गोळी देऊ केली. ती मी घेतली नाही हे बरं केलं, कारण या सुजेवर तिचा फारसा उपयोग नसतो. शरीरात पाणी जास्त झालेलं नसतं. पुढच्या धमन्या उघडल्या, पण रक्त परत नेणाऱ्या शिरा तेवढ्या उघडल्या नाहीत, त्यामुळे मधल्या केसासारख्या नळ्यांत दाब वाढून पाणी आजूबाजूच्या मांसात झिरपतं. दिवसभर उभं राहणाऱ्याला, चालणाऱ्याला जास्त. डोस ५ वर आणला आणि जोडीला दुसरी गोळी दिली, तेव्हा महिन्याभरात घोटे दिसायला लागले.

चपलेच्या पट्ट्यात पाय मावत नाही ही वारकऱ्यासाठी बारीकसारीक तक्रार नाही. कुणाला सूज आली तर डॉक्टरला दाखवा, कारण हृदयाच्या आणि किडनीच्या दुखण्यातही पाय सुजतात. पण कोणती गोळी चालू आहे हे त्यांना आधी सांगा.

टेल्मिसार्टन

ती दुसरी गोळी म्हणजे टेल्मिसार्टन ४०. हिच्याबद्दल लिहायला कमी आहे आणि तेच हिचं कौतुक. शरीर अँजिओटेन्सिन नावाचा पदार्थ बनवतं. तो धमन्यांना आवळायला लावतो आणि मीठ-पाणी धरून ठेवायचा निरोप पाठवतो. ही गोळी त्या निरोपाची पेटीच बंद करते. टपाल येतं, पण आत पडत नाही. पोस्टमनला हे लगेच कळलं. शिरांची बाजूही थोडी मोकळी होते, म्हणून अ‍ॅम्लोडिपिनची सूज हिच्या सोबतीनं उतरते. नाडीवर परिणाम जवळजवळ शून्य. माझ्या वहीत दोन महिन्यांत नाडी ८२ ते ८६, प्रेशर १३४/८२.

माझ्या साडूंना याआधीच्या पिढीतली रामिप्रिल होती. तिनं त्यांना कोरडा खोकला लागला, रात्र-रात्र. त्या घराण्याचा उगम ब्राझीलच्या जराराका नावाच्या विषारी सापाच्या विषावरच्या अभ्यासात आहे. तो साप चावला की प्रेशर कोसळतं, ते का, हे शोधता शोधता कॅप्टोप्रिल बनली आणि १९८१ मध्ये अमेरिकेत मंजूर झाली. खोकला हा त्या घराण्याचा ओळखीचा त्रास, टेल्मिसार्टनमध्ये तो सहसा नसतो.

दोन सूचना. ही गोळी ओल फार लवकर ओढते, म्हणून घ्यायच्या क्षणापर्यंत पट्टीतून काढायची नाही. मी हौसेनं आठवड्याचे कप्पे असलेली डबी घेतली होती आणि त्यात सगळ्या गोळ्या सुट्या करून भरल्या होत्या. आषाढातली हवा, ओला सदरा, दुसऱ्या दिवशी गोळीचा भुगा. आता हिची पट्टी कात्रीनं कापून तुकड्यासकट डबीत ठेवतो. दुसरं, सुरू केल्यावर काही आठवड्यांत रक्तातलं पोटॅशियम आणि क्रिएटिनिन (किडनी कशी चाललीय ते दाखवणारा आकडा) तपासून घ्यायचं. आमच्याकडे निम्मे लोक ही तपासणी "काही होत नाहीये ना, मग कशाला" म्हणून टाळतात. टाळू नका. आणि पोटात बाळ असलेल्या किंवा मूल होऊ देण्याच्या विचारात असलेल्या बाईला ही गोळी चालत नाही. घरातल्या कपाटातून उचलून कुणाला देऊ नका.

मेटोप्रोलॉल

हिच्यावर मी जास्त लिहिणार आहे, कारण हिनं मला खरं शिकवलं, आणि चूक गोळीची नव्हती, माझी होती.

२०२० आणि २०२१ ला पायी वारी झाली नाही. पादुका एसटीनं पंढरपूरला गेल्या आणि आम्ही घरी टीव्हीसमोर हात जोडून बसलो. त्या काळात मला छातीत धडधड सुरू झाली. बसल्या जागी नाडी ९८, मध्येच एक ठोका चुकल्यासारखा आणि पुढचा जोरात. समेच्या आधी कुणी थाप मारावी तसा. ईसीजीत जादा ठोके दिसले. मेटोप्रोलॉल ५० सुरू झाली, हळूहळू सुटणारी.

अ‍ॅड्रिनलीन हृदयाला "चल, पळ" म्हणतं. हृदयावर ते ऐकणारे कान असतात, त्यांना बीटा म्हणतात. ही गोळी त्या कानांवर हात ठेवते. ठोका मंद होतो, प्रत्येक ठोक्याचा जोर कमी होतो, किडनीतून रेनिन (अँजिओटेन्सिन बनवायला लावणारा पदार्थ) कमी सुटतं आणि प्रेशर उतरतं. या जातीच्या औषधांची वाट सर जेम्स ब्लॅक यांनी १९६० च्या दशकात प्रोप्रॅनोलॉल शोधून उघडली. त्यांना १९८८ चं नोबेल मिळालं.

माझी नाडी दहा दिवसांत ९८ वरून ६२ वर आली. द्रुत लयीतून थेट विलंबितात. धडधड गेली, झोप लागायला लागली. तक्रार एकच, बोटं गार पडायची. थंडीत पहाटे काकड्याला पखवाज घेतला की बोटांना जाग यायला पाच मिनिटं जास्त लागायची. गोळीचा हा परिणाम ठाऊक असलेला आहे, हृदय कमी ढकलतं आणि हातापायाकडचा पुरवठा थोडा आखडतो.

मग २०२२ ला वारी पुन्हा सुरू झाली. दोन वर्षांनी. आळंदीत सगळे एकमेकांच्या गळ्यात पडून रडत होते. पुण्याहून सासवडला जायचा दिवस वारीतला सगळ्यात लांब चालीचा आणि त्यातच दिवे घाट. मी पखवाज गळ्यात घेतला आणि अर्ध्या घाटात पाय शिशाचे झाले. छातीत दुखत नव्हतं, दम तेवढा लागत नव्हता, पण अंगात कुणी नव्हतंच. टाळकरी पुढे निघून गेले. मनगटावर बोट ठेवलं तर नाडी ९६. त्या चढावर माझी एरवी १२५-१३० असायची. म्हणजे पायांना रक्त हवं होतं, हृदयाला हाक ऐकू येत नव्हती. पखवाज पुतण्याच्या गळ्यात दिला आणि कडेकडेनं चढलो.

सासवडच्या मुक्कामी मी ठरवलं की ही गोळी वारीपुरती बंद. कुणाला विचारलं नाही. दोन दिवस फार छान गेले. जेजुरीला भंडारा उधळताना वाटलं, बघा, उगाच घेत होतो. वाल्ह्याच्या मुक्कामी रात्री झोप आली नाही. चौथ्या दिवशी नीरेच्या काठी, पादुकांना स्नान चाललेलं असताना, उभ्या उभ्या छातीत नुसता गलका सुरू झाला. नाडी मोजता येईना. दवाखान्याच्या गाडीतल्या तरुण डॉक्टरनं मोजलं, नाडी १३२, प्रेशर १८६/१०८. त्यानं पहिला प्रश्न विचारला, "माउली, कुठली गोळी बंद केली?"

त्यानं जे सांगितलं ते मी शब्द न विसरता वहीत लिहून ठेवलंय. तुम्ही कानांवर हात ठेवले की हृदय गप्प बसत नाही, ते ऐकू यावं म्हणून जास्त कान उगवतं. महिनोन्महिने गोळी घेतल्यावर कान वाढलेले असतात. मग एका दिवसात हात काढला तर साधी हाकसुद्धा आरोळीसारखी ऐकू येते. ज्याला हृदयाच्या रक्तवाहिन्यांचा आजार आहे त्याला अशानं झटका येऊ शकतो. माझं थोडक्यात निभावलं. गोळी परत सुरू झाली, दोन मुक्काम गाडीत बसून केले. तरडगावच्या आधी चांदोबाच्या लिंबाचं उभं रिंगण मी त्या वर्षी टेम्पोच्या फाळक्यावर उभा राहून पाहिलं. डोळ्यांत पाणी होतं आणि ते भक्तीचं एकट्याचं नव्हतं.

घरी आल्यावर डॉक्टरीणबाई रागावल्या नाहीत. इको म्हणजे हृदयाची सोनोग्राफी, चोवीस तासांची ईसीजीची पट्टी, सगळं केलं. जादा ठोके थांबले होते, हृदय चांगलं होतं. मग ५० चे २५, २५ चे साडेबारा, असं आठवडे घालवत त्यांनी ती गोळी उतरवली. एवढाच फरक होता, हात हळूहळू काढायचा.

माझा अभिप्राय म्हणाल तर मेटोप्रोलॉल वाईट नाही. ज्याला झटका येऊन गेलाय, ज्याचं हृदय थकलंय, ज्याचे ठोके सैरावैरा आहेत, त्याचा ती जीव राखते. निव्वळ प्रेशरसाठी मात्र आता बहुतेक डॉक्टर तिच्यापासून सुरुवात करत नाहीत. दमेकऱ्यानं आपला दमा डॉक्टरला सांगितल्याशिवाय घेऊ नये. साखरेची इंजेक्शनं घेणाऱ्यानं लक्षात ठेवावं की साखर उतरल्यावर जी धडधड सावध करते तीच ही गोळी झाकते. घाम मात्र येतो, त्यावरून ओळखायचं.

इथं एक बाजूचं सांगतो. नीरेवरून आल्यावर गावातल्या एका भल्या माणसानं "सोड ते सगळं, सर्पगंधा घे" म्हणून मुळीची पूड आणून दिली. सर्पगंधेत दम आहे हे खोटं नाही. मुंबईच्या डॉ. रुस्तम जाल वकील यांनी १९४९ मध्ये ब्रिटिश हार्ट जर्नलमध्ये याच मुळीचा प्रेशरवरचा अनुभव छापला आणि जगाचं लक्ष तिकडे गेलं. पुढे तिच्यातून रेसर्पिन वेगळी काढली गेली. ती मज्जातंतूंच्या टोकाशी असलेला अ‍ॅड्रिनलीनसारख्या निरोप्यांचा साठाच रिकामा करते, त्यामुळे धमन्या सैल पडतात आणि ठोकाही मंद होतो. पण माणूस उदासीत बुडू शकतो, नाक चोंदतं. आणि पुडीत किती आहे हे मोजायची सोय नाही. आमच्या मातीतल्या मुळीचा मला अभिमान आहे. ती पूड मी घेतली नाही.

क्लोरथॅलिडोन

साडेबारा मिलिग्रॅम, सकाळी. मीठ आणि पाणी लघवीवाटे काढते. पहिले काही आठवडे रक्तातलं पाणी कमी होऊन प्रेशर उतरतं. पुढे पाणी बरंचसं भरून येतं, तरी धमन्या सैलच राहतात आणि प्रेशर खाली राहतं. स्वस्त आणि कामाची. रात्री घेऊ नका, झोपमोड होते.

हिची परीक्षा २०२३ ला झाली. त्या वर्षी पाऊस लांबला आणि वारीभर ऊन रणरणत होतं. बरडच्या पुढे जुलाब लागले. जेवणानंतर पंगतीतून उठलो आणि डोळ्यांपुढे काळोख. बसून मोजलं तर ११२/७०, उभ्यानं ८८/५८, नाडी ११६. उभं राहिलं की रक्त पायात उतरतं. धमन्यांनी लगेच आवळायचं आणि हृदयानं धावायचं, हा शरीराचा रिवाज. माझ्या धमन्यांना दोन गोळ्यांनी सैल केलेलं, पाणी तिसरीनं आणि जुलाबांनी काढलेलं. हृदय एकटं धावत होतं.

तेव्हापासून डॉक्टरीणबाईंनी मला लिहून दिलंय: जुलाब, उलट्या किंवा अंगात पाणी टिकत नसेल तर क्लोरथॅलिडोन आणि टेल्मिसार्टन थांबवायची आणि फोन करायचा. हे माझ्यापुरतं आहे. तुमच्या डॉक्टरला तुमच्यासाठी विचारून ठेवा, वारीच्या आधी. आणि गुडघेदुखीची गोळी! दिंडीत प्रत्येकाच्या पिशवीत डायक्लोफिनॅक असते, प्रसादासारखी वाटतात. ती प्रेशर चढवते, आणि टेल्मिसार्टन, लघवीची गोळी, कोरडं पडलेलं अंग यांच्या जोडीला आली तर किडनी बसू शकते. मी आता गुडघ्याला तेल चोळतो आणि फारच झालं तर पॅरासिटामॉल.

एकादशीला गोळी घ्यायची का, हा प्रश्न मला दरवर्षी दहा जण विचारतात. घ्यायची. पाण्याचा घोट देवाला चालतो. उपवासाच्या खारट चिवड्याचं मात्र जपून.

यंत्राबद्दल थोडं. दंडाला पट्टा बांधायचं घ्या. पट्टा आपल्या दंडाच्या मापाचा हवा, आखूड असला तर आकडा खोटा चढतो. पाच मिनिटं पाठ टेकून, पाय जमिनीला लावून, न बोलता बसायचं, दंड छातीच्या उंचीला, बाहीवरून नाही. मिनिटाच्या अंतरानं दोनदा. घरचा आकडा सरासरी १३५/८५ च्या खाली हवा. आणि नाडीचा तिसरा आकडा लिहायला विसरू नका. बहुतेकांच्या वहीत तो रकानाच नसतो. नवीन गोळीनंतर नाडी बदलली की नाही, यावरून गोळीनं कुठं हात घातलाय ते कळतं. ५० च्या खाली जाऊन गरगरायला लागलं किंवा ठोके वेडेवाकडे पडायला लागले, तर त्याच दिवशी दवाखाना.

सध्या टेल्मिसार्टन ४०, अ‍ॅम्लोडिपिन ५ आणि क्लोरथॅलिडोन साडेबारा. जनऔषधी केंद्रातून आणतो, महिन्याचा खर्च पूर्वीपेक्षा खूप कमी आणि वहीतले आकडे तेच. सदऱ्याच्या खिशात प्लॅस्टिकमध्ये एक कार्ड असतं, त्यावर तिन्ही नावं, डोस, वेळ आणि सुनेचा नंबर. पखवाज बांधायच्या आधी ते कार्ड विणेकऱ्याला दाखवतो, म्हणजे मी पडलो तर कुठं शोधायचं ते त्याला ठाऊक असतं. गेल्या वारीत दिवे घाट चढून वर पोचल्यावर दहा मिनिटं दगडावर बसून मोजलं, १३६/८२, नाडी १०२. पुतण्यानं पखवाज पुढे केला.